साथीने घेतलेले कर्ज कोण फेडणार?

दुष्काळाच्या वर्षी घरातले धान्य संपत आले, तरी जाणता शेतकरी बियाण्याच्या कणगीला सहसा हात लावीत नाही. आजची भूक भागविण्यासाठी बियाणे दळले, तर पुढच्या मृगाला पेरायचे काय, हे त्याला ठाऊक असते. राष्ट्राच्या आरोग्यव्यवस्थेतही असे एक बियाणे असते; ते म्हणजे शिक्षण घेत असलेला डॉक्टर. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोरोनाच्या साथीने नेमक्या याच बियाण्यावर हात घातला. त्या वेळी ते अपरिहार्य होते, हे मान्य केले तरी जे उसने घेतले त्याची परतफेड झाली काय, हा प्रश्न उरतोच. ग्रामीण भागात सेवा करून पुढे तज्ज्ञ होऊ पाहणाऱ्या डॉक्टरांच्या बाबतीत तर तो अधिकच तीव्र होतो.

तुटवडा कोठे आहे?

देशात डॉक्टर कमी आहेत, असे सरसकट म्हटले जाते. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांची देशपातळीवरील तूट त्या मानाने थोडी होती. परंतु त्यावरच्या पायरीवर, म्हणजे ज्यांना आपल्याकडे ग्रामीण रुग्णालये म्हणतात त्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, आवश्यक तज्ज्ञांपैकी सुमारे ८० टक्के तज्ज्ञ नव्हते. शल्यचिकित्सकांची तूट ८३ टक्के, बालरोगतज्ज्ञांची जवळपास ८२ टक्के, फिजिशियनांची ७९ टक्के आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४ टक्के होती. सपाट प्रदेशात सव्वा लाखाच्या आसपास आणि डोंगरी व आदिवासी भागात ८० हजार लोकांमागे असे एक केंद्र असावे, असा दंडक आहे. या दंडकाप्रमाणे इमारती उभ्या राहिल्या, पाट्या लागल्या. पाटीवरच्या तज्ज्ञाची खुर्ची मात्र पाच ठिकाणांपैकी चार ठिकाणी रिकामी राहिली.

पदव्युत्तर जागा वाढविल्या की हा प्रश्न आपोआप सुटेल, असे काही जणांना वाटते. या जागा २०१४ मध्ये सुमारे ३१ हजार होत्या. त्यानंतरच्या दहा वर्षांत त्या ७० हजारांवर गेल्या. पुरवठा दुपटीहून अधिक झाला, पण तो जिकडे क्रयशक्ती आहे तिकडेच वाहत गेला. यात नवल नाही. बाजारपेठ गरजेला नव्हे, तर पैसे मोजू शकणाऱ्या मागणीला प्रतिसाद देते, हे अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. म्हणून ग्रामीण भागासाठी तज्ज्ञ हवे असतील, तर ते बाजारातून मिळण्याची वाट न पाहता, ग्रामीण सेवेत आधीपासून असलेल्या डॉक्टरांतूनच घडवावे लागतील.

दोन वर्षांची उसनवारी

या पार्श्वभूमीवर साथीच्या काळातील घटनाक्रम आठवून पाहावा. पदव्युत्तर प्रवेशाची ‘नीट-पीजी’ परीक्षा तोपर्यंत जानेवारीत होत असे. २०२१ ची परीक्षा आधीच लांबून १८ एप्रिलला ठेवण्यात आली होती. दुसरी लाट उसळताच ती पुन्हा पुढे गेली. ३ मे रोजी केंद्र सरकारने ती किमान चार महिने लांबणीवर टाकली, अंतिम वर्षाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना नवी तुकडी येईपर्यंत कामावर ठेवण्याची तरतूद केली आणि शंभर दिवस कोरोना सेवा करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य देण्याचे आश्वासन दिले. अखेर परीक्षा ११ सप्टेंबरला झाली. त्यानंतर राखीव जागांच्या वादात प्रवेशफेऱ्या अडकल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ जानेवारी २०२२ रोजी वाट मोकळी केल्यावरच त्या सुरू झाल्या. दरम्यान, निवासी डॉक्टरांच्या तीन तुकड्यांचे ओझे दोनच तुकड्या वाहत होत्या. २०२१ च्या अखेरीस दिल्लीतील निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले, ते याच कोंडीमुळे.

जे विद्यार्थी आधीच शिकत होते, त्यांचे नुकसान वेगळ्या प्रकारचे होते. शल्यचिकित्सा पुस्तकातून येत नाही. ती हाताने येते. ठरवून करावयाच्या शस्त्रक्रिया महिनोन्महिने थांबल्या आणि शल्यचिकित्सेचा, अस्थिरोगाचा, कान-नाक-घशाचा विद्यार्थी कोरोना कक्षात प्राणवायूची पातळी मोजत उभा राहिला. ही सेवा मोलाची होती, यात शंका नाही. परंतु तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातून त्यासाठी जो काळ गेला, त्या काळातील शिक्षण परत आले नाही. जून २०२१ मध्ये अंतिम परीक्षाच माफ करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही, हे उचितच झाले. परीक्षेविना तज्ज्ञ ठरविणे रुग्णांच्या हिताचे नव्हते. मात्र परीक्षेची अट कायम राहिली आणि शिकण्याचा काळ आटला, ही विसंगतीही नजरेआड करता येत नाही.

खेड्यातील वैद्यकीय अधिकाऱ्याची अडचण याहून कठीण होती. शहरात परीक्षेची तयारी करणारा नवा पदवीधर निदान अभ्यासासाठी घरी बसू शकत होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला दिवसा बाह्यरुग्ण विभाग, नंतर संपर्कशोध, विलगीकरण केंद्र, पुढे लसीकरण आणि या सर्वांच्या जोडीला रात्रीअपरात्रीची बाळंतपणे सांभाळावी लागत होती. त्याच्या जागी बदली डॉक्टर मिळेना, म्हणून रजा मिळणेही दुरापास्त झाले. ज्याने सर्वांत अधिक सेवा केली, तोच स्पर्धेत मागे पडावा, अशी ही विचित्र रचना होती.

न्याय मिळाला, पण अर्धाच

शासनाने या डॉक्टरांसाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत दुर्गम भागातील सेवेसाठी दर वर्षी दहा टक्के, कमाल तीस टक्के, अधिक गुण देण्याची आणि पदविकेच्या निम्म्या जागा सेवेतील डॉक्टरांसाठी राखण्याची तरतूद होती. पुढे पदविकांच्या बहुसंख्य जागांचे पदवीत रूपांतर झाले आणि या राखीव जागा जवळजवळ नाहीशा झाल्या. ३१ ऑगस्ट २०२० रोजी, म्हणजे साथ ऐन भरात असताना, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडूच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या याचिकेवर निर्णय दिला. पदव्युत्तर पदवीच्या जागा सेवेतील डॉक्टरांसाठी राखून ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे, असे या निर्णयाने स्पष्ट केले. महाराष्ट्रानेही २०२२ मध्ये अशा वीस टक्के जागा राखण्याचा निर्णय घेतला. यामुळे गुणवत्तेचा बळी जातो, असा आक्षेप घेतला जातो. परंतु हे डॉक्टर पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेलेच असतात, आणि दुर्गम भागात काढलेली वर्षे हीही गुणवत्ताच आहे. ती उत्तरपत्रिकेत मावत नाही, इतकेच.

त्याच ऑगस्ट महिन्यात राष्ट्रीय परीक्षा मंडळाने भूलशास्त्र, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग, क्षयरोग व छातीचे विकार, कुटुंबवैद्यक आदी आठ विषयांत दोन वर्षांच्या पदविका सुरू केल्या. किमान शंभर खाटांची रुग्णालये त्यासाठी पात्र ठरली. सप्टेंबर २०२० मध्ये प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे, असा नियम झाला. दोन्ही उपक्रमांची दिशा योग्य आहे. जिल्हा रुग्णालयांत तज्ज्ञसेवा सबळ करावी, अशी शिफारस मुदलियार समितीने १९६२ मध्येच केली होती. साठ वर्षांनी साथीच्या धक्क्याने तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले. तथापि तीन महिन्यांचा पाहुणा विद्यार्थी म्हणजे तज्ज्ञ नव्हे. तेथे शिकविणारा वरिष्ठ नसेल, तर तो फुकटचा मनुष्यबळपुरवठा ठरतो, शिक्षण नव्हे.

एकटा तज्ज्ञ निरुपयोगी

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. तज्ज्ञसेवा ही परस्परपूरक वस्तू आहे. सिझेरियन शस्त्रक्रियेसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा आणि रक्ताची सोय हवी. यांपैकी एक नसेल, तर उरलेल्यांचे मूल्य शून्यावर येते आणि अडलेल्या बाईला भाड्याच्या गाडीतून जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावे लागते. ते भाडे, बुडालेली मजुरी आणि कधी कधी गेलेला जीव शासनाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. तो खर्च कुटुंबाच्या खाती पडतो. एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांत जीवरक्षक भूल देण्याचे कौशल्य शिकविणारा सरकारी कार्यक्रम याच निकडीतून निघाला. मात्र असा शिकलेला डॉक्टर पुढे शस्त्रक्रियागृह नसलेल्या केंद्रावर बदलून गेला, तर ती गुंतवणूक वाया जाते.

साथीच्या काळात यंत्रांवर पैसा खर्च झाला. पंतप्रधान निधीतून प्राणवायू निर्मितीचे बाराशेहून अधिक प्रकल्प मंजूर झाले, जिल्ह्याजिल्ह्यांत व्हेंटिलेटर पोहोचले. हे आवश्यकच होते. परंतु व्हेंटिलेटर लावणारा प्रशिक्षित हात नसेल, तर ते यंत्र खोक्यातच राहते. यंत्र काही आठवड्यांत विकत घेता येते. ते चालविणारा तज्ज्ञ घडविण्यास पदवीनंतरही तीन वर्षे लागतात.

तज्ज्ञ झालेला डॉक्टर खेड्यात परत येईलच कशावरून, ही शंका रास्त आहे. केवळ बंधपत्र आणि दंड यांच्या बळावर तो फार काळ टिकत नाही. दंड भरणाऱ्यांना सुटका मिळते आणि न भरू शकणाऱ्यांच्या मनात कडवटपणा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि सुधारित स्वरूपात २०२१ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी निवडावेत, त्यांना ग्रामीण भागातच शिकवावे आणि राहण्या-काम करण्याची परिस्थिती सुधारावी, असा त्यांचा रोख आहे. थायलंडने १९९४ पासून ग्रामीण डॉक्टर घडविण्याची स्वतंत्र योजना राबविली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २००७ पासून ग्रामीण डॉक्टरला प्रसूती, भूल किंवा शल्यचिकित्सा यांपैकी एखाद्या विषयाचे प्रगत शिक्षण देण्याचा मार्ग आखला. आपल्याकडे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने पदव्युत्तर प्रवेशापूर्वी ग्रामीण सेवेची अट घालून वेगळा पायंडा पाडला होता. म्हणजे मार्ग अज्ञात नाही.

परतफेडीचा हिशेब

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात राखीव वैद्यकीय अधिकाऱ्यांची तुकडी हवी. तिच्याशिवाय ग्रामीण डॉक्टरला शिक्षणासाठी कार्यमुक्त करणे कागदावरच राहील. दुसरी, शिक्षणाच्या काळात सेवेतील डॉक्टरचे पूर्ण वेतन आणि ज्येष्ठता अबाधित राहावी. त्याच्यावर बहुधा घराची जबाबदारी आलेली असते. तिसरी, साथ असो वा नसो, आठवड्यातील काही तास शिकण्यासाठीच राखलेले असावेत. आणीबाणीत ते घेतले, तर नंतर शस्त्रक्रिया व रुग्णतपासणीच्या जादा संधी देऊन त्यांची नोंदवून भरपाई व्हावी. साथीत दूरदृश्य पद्धतीने वर्ग भरले, तो अनुभव वैद्यकीय महाविद्यालय आणि तालुक्याचे रुग्णालय जोडण्यासाठी वापरता येईल. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे परतणाऱ्या तज्ज्ञाची नेमणूक एकट्याने न होता संघाने व्हावी. जेथे शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि रक्तसाठा यांची सोय आहे, तेथेच त्याला पाठवावे. दहा ठिकाणी एकेक तज्ज्ञ नेमण्यापेक्षा तीन ठिकाणी पूर्ण संघ नेमणे अधिक फलदायी ठरेल.

यासाठी पैसा लागेल, हे उघड आहे. पण तो खर्च महसुली खात्यात टाकून काटछाट करण्याजोगा नाही. धरण किंवा रस्ता यांच्यासारखीच ही भांडवली गुंतवणूक आहे. साथीच्या दिवसांत या डॉक्टरांवर फुले उधळली गेली, त्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या. त्या गौरवात खोटेपणा नव्हता; पण गौरवाने कर्ज फिटत नाही. पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. ती आल्यावर तालुक्याच्या रुग्णालयात तज्ज्ञ असेल की नाही, हे मात्र आज तेथे काम करणाऱ्या तरुण डॉक्टरला शिकण्याची संधी मिळते की नाही, यावरच ठरणार आहे.