एका चेंडूत पस्तीस एकर ऊस

आकडा आधीच सांगून टाकतो, मग त्याच्याभोवती फिरू : ४८,३९० कोटी रुपये. जून २०२२ मध्ये बीसीसीआयने आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क लिलावात विकले, त्याची ही किंमत. यात तिकिटं नाहीत, टोप्या-टीशर्ट नाहीत, जर्सीवरची नावं नाहीत. सामने घरोघर दाखवायच्या नुसत्या परवानगीचे हे पैसे.

पाचशेच्या नोटांत मागितले, तर ९६ कोटी ७८ लाख नोटा. रचा एकावर एक. नोटेची जाडी ढोबळ मानाने मिलिमीटरचा दहावा भाग धरली, तर चवड होते जवळजवळ ९७ किलोमीटर उंच. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, उंची १,६४६ मीटर. अशी ५८ शिखरं एकाच्या डोक्यावर एक चढवली, तरी चवडीचं टोक वरच राहतं. तीच चवड आडवी पाडा : मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे या टोकापासून त्या टोकापर्यंत भरतो आणि वर दोनेक किलोमीटर नोटा उरतात. नोटेला नोट लावून लांब अंथरल्या, तर १ लाख ४५ हजार किलोमीटर. डेक्कन क्वीन रोज पुण्याहून मुंबईला जाऊन परत येते. तेवढं अंतर कापायला तिला ३७८ दिवस लागतील. रानात पसरल्या, तर २,३६७ एकर झाकून जातील. आणि विहिरीत टाकायच्या म्हटल्या, वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल, तर भरतात फक्त पावणेतीन विहिरी! कळसूबाई ५८ आणि विहिरी पावणेतीन. खरं सांगू, मला हा शेवटचा आकडाच जास्त चक्रावतो.

आता तुकडे करू. लिलावाच्या वेळी पाच वर्षांचे ४१० सामने धरले होते. म्हणजे सामन्याला ११८ कोटी. दोन्ही डावांचे मिळून चेंडू २४०. म्हणजे चेंडूला ४९ लाख. वाइड आणि नो-बॉल फुकट.

हे ४९ लाख आपल्याकडच्या काट्यावर घालू. २०२५-२६ च्या हंगामाची उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, टनाला ३,५५० रुपये. तोडणी-वाहतूक कापायची सोडून देऊ, तरी एका चेंडूत बसतो १,३८५ टन ऊस. एकरी चाळीस टन धरलं, तर पस्तीस एकर! लागण, बांधणी, रात्री-बेरात्री लाईट आली की दारं धरायला पळणं, तोडणीच्या टोळीच्या मिनतवाऱ्या, कारखान्याच्या काट्यावर लागलेली ट्रॅक्टरची रांग. पस्तीस एकराचा हा सगळा खटाटोप वर्ष-वर्ष चालतो. आणि तिकडे गोलंदाज पळत येतो, फलंदाज बॅट वर करून चेंडू सोडून देतो. झालं. अख्ख्या सामन्याचा हिशोब मांडाल, तर रोज ५,००० टन गाळप करणारा कारखाना साडेतीन तासांच्या त्या खेळाची बरोबरी करायला ६६ दिवस धडधडत राहील. महाराष्ट्राची सहकारी साखर कारखानदारी जिथे जन्मली, त्या प्रवरेच्या काठावर हा हिशोब सांगितला की म्हातारी माणसं आधी हसतात, मग गप्प होतात.

आता इथून पुढे आपलं चलन रुपया नाही, चेंडू. एक चेंडू म्हणजे ४९ लाख. ऋषभ पंतला लखनौने २७ कोटींना घेतलं, तेव्हा देशभर डोळे विस्फारले. किती चेंडू झाले? पंचावन्न. नऊ षटकं आणि वर एक चेंडू. आयपीएल इतिहासातली सर्वात मोठी बोली, आणि डावाचा निम्मा भागही भरत नाही.

हे सगळं कुणासाठी मांडतोय? बी.कॉम., बी.बी.ए., बी.एस्सी. होऊन नगरच्या दिल्ली गेटाजवळ, संगमनेरच्या स्टँडवर, श्रीरामपूरच्या अभ्यासिकेत ‘आता पुढे काय’ म्हणत बसलेल्या मुलामुलींसाठी. त्यांच्या डोक्यात खेळ म्हणजे खेळाडू. तो नाही झालो, तर एमपीएससी. मधलं काही नाहीच! तर आधी या खेळाडू होण्याचंच गणित करून टाकू.

आयपीएलचे संघ दहा. प्रत्येकात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू, त्यात परदेशी आठपर्यंत. म्हणजे भारतीयांच्या जागा साधारण १७०. २०११ च्या जनगणनेत देश १२१ कोटी, आपला जिल्हा ४५ लाख ४३ हजार. त्रैराशिक मांडा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या वाट्याला येतो ०.६४ खेळाडू. पाऊणही नाही. आणि ती ०.६४ जागा आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणेने केव्हाच भरून काढली, वर २०२५ मध्ये कोलकात्याचं कर्णधारपदही घेतलं. त्याच्या आधी श्रीरामपूरच्या झहीर खानने आपला कोटा ३११ कसोटी बळींसह संपवला होता. म्हणजे हिशोबाने जिल्ह्याचं खातं उणे बाकीत आहे!

पण पैशाच्या बाजूने पाहा. २०२५ च्या हंगामात एका संघाला खेळाडूंवर खर्चायची मुभा होती १२० कोटींची. दहा संघांचे १,२०० कोटी. सामन्याला ११८ कोटी, म्हणजे देशी-परदेशी सगळ्या खेळाडूंच्या सगळ्या बोल्या दहा सामन्यांतच फिटल्या. हंगामात सामने चौऱ्याहत्तर. उरले चौसष्ट! सामन्यागणिक मिळणारं मानधन वेगळं काढा, मंडळाचा वाटा काढा, मालकांचा नफा काढा. तरी जो ढीग उरतो, तो तिकीट छापणाऱ्याच्या, बस लावणाऱ्याच्या, जाहिरात विकणाऱ्याच्या, कॅमेरा फिरवणाऱ्याच्या आणि या सगळ्यांची बिलं तपासणाऱ्याच्या दारावरून वाहतो. नोकऱ्या तिथे आहेत.

एक जागा जवळून दाखवतो. सीमारेषेला लागून जाहिरातींचे एलईडी फलक असतात. त्यावर एका कंपनीचं नाव येतं, सरकतं, दुसरीचं येतं. कुणाचं नाव किती सेकंद, कुठल्या बाजूला, किती वेळा, हे करारात लिहिलेलं असतं. सामना चालू असताना एक माणूस सचिनचा विक्रम मोडला की राहिला, याकडे ढुंकूनही न बघता हे सेकंद जुळवत असतो. सामना साडेतीन तासांचा धरला, तर सेकंदाचा भाव पडतो ९४ हजार रुपये. फलकाची वायर निघाली आणि दहा सेकंद अंधार झाला, तर त्याला घाम फुटणारच. त्याला कव्हर ड्राइव्ह मारता येत नसेल. एक्सेल मात्र यायलाच हवं.

आता क्रिकेटमधून बाहेर, कबड्डीकडे. श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार. त्याच्या संघाने २०२४ मध्ये प्रो कबड्डीचा दहावा हंगाम जिंकला. या लीगचे २०२१ ते २०२५ चे प्रक्षेपण हक्क विकले गेले ९०८ कोटी ७० लाखांना. वर्षाला १८२ कोटी. आपल्या चलनात जेमतेम दीड सामना. हिरमुसलात? थांबा, मैदान मोजा. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. १३० चौरस मीटर, म्हणजे सव्वा गुंठा. सव्वा गुंठ्यावर वर्षाला १८२ कोटींचं पीक! गुंठ्याला १४१ कोटी. पुणे रोडला प्लॉट विकणाऱ्या कुठल्याही एजंटाला हा भाव सांगून पाहा.

आणि ज्याच्या हाताखालून या धंद्यात शिरायची एक वाट निघाली, त्याची गोष्ट तर आकड्यांचीच. ऑगस्ट १९९७, कोलंबो. डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णीने कसोटीतल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला. असं करणारा तो पहिला भारतीय. पुढे काय झालं? श्रीलंकेने २७१ षटकं फलंदाजी केली. ६ बाद ९५२. बिचाऱ्याने सत्तर षटकं टाकली, १९५ धावा दिल्या, बळी तोच एक. सत्तर षटकं म्हणजे ४२० चेंडू. आजच्या भावाने २०६ कोटी रुपयांची गोलंदाजी! मला या माणसाचं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी : २०१० मध्ये त्याने मुंबईत इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट उभी केली. मैदानाबाहेरची कामं शिकवणारी शाळा. पुण्यात सिम्बायोसिसमध्येही क्रीडा व्यवस्थापनाचं शिक्षण आहे. झहीरनेही बळी मोजायचे थांबवण्याआधीच प्रोस्पोर्ट नावाची फिटनेसची कंपनी काढली होती. खेळाडूंनाच जर कळलंय की पैसा सीमारेषेच्या पलीकडे आहे, तर पदवीधराने आत बघत का बसावं?

पहिली पायरी मात्र लखनौ किंवा अहमदाबादला नसते, जवळच असते. २०२३ मध्ये पुण्याजवळ गहुंज्याला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. तेव्हा सहा संघ होते : पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी, सोलापूर. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वात मोठा जिल्हा आपला, आणि आपला संघ त्यात नव्हता. (कुणीतरी हे मनावर घ्यायला हरकत नाही.) सर्वात महाग संघ होता पुणेरी बाप्पा, तीन वर्षांसाठी १४ कोटी ८० लाख. वर्षाला किती झाले? ४ कोटी ९३ लाख. मोजा चेंडू. बरोबर दहा! आयपीएलचे दहा चेंडू म्हणजे या लीगमधला सर्वात महागडा संघ वर्षभर. अशा छोट्या ठिकाणी एकाच पोराला सकाळी प्रायोजकाला फोन, दुपारी खेळाडूंची बस, संध्याकाळी पासेस आणि रात्री खर्चाचा तक्ता करावा लागतो. पगार बेताचा, शिकणं भरपूर. त्याहून जवळ पाहायचं, तर नगरचं वाडिया पार्क आहेच. २०२५ ची महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा तिथे झाली, विजेत्या पृथ्वीराज मोहोळला थार मिळाली. माती आणि मॅट, दोन्ही आखाडे, वजनकाटे, गॅलरी, पडदे, जनरेटर, पार्किंग, मल्लांचं जेवण. यातली एक वस्तू जरी तुम्ही वेळेवर पोचवली असेल, तर बायोडेटात लिहायला तुमच्याकडे काहीतरी आहे.

एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. या धंद्यात आकडे फुगतात तसे फुटतातही. भारतीय संघाच्या जर्सीवर ड्रीम ११ होतं, करार ३५८ कोटींचा, म्हणजे तीन सामने. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि नाव जर्सीवरून गेलं. त्या क्षेत्रातल्या अनेक कंपन्यांत पोरांच्या नोकऱ्या गेल्या. महिनाभरात अपोलो टायर्सने ५७९ कोटींना तीच जागा घेतली. जर्सी रिकामी राहत नाही. तुमची खुर्ची राहू शकते. म्हणून एकाच खेळावर आणि एकाच जाहिरातदारावर पोट ठेवू नये, असं माझं मत. पण मत ठेवणं सोपं आहे, पाळणं अवघड, कारण २०२४ मध्ये भारतीय क्रीडा उद्योगात फिरलेल्या १६,६३३ कोटींपैकी सुमारे ८५ टक्के एकट्या क्रिकेटचे. बाकी सगळे खेळ मिळून उरतात अडीच हजार कोटी. कबड्डी, कुस्ती, फुटबॉल, बॅडमिंटन, मॅरेथॉन, सगळं सगळं मिळून आयपीएलचे एकवीस सामने!

आणि बघणारे किती? १९ नोव्हेंबर २०२३, विश्वचषकाचा अंतिम सामना. हॉटस्टारवर एकाच क्षणी ५ कोटी ९० लाख लोक. आपल्यासारखे तेरा जिल्हे, तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळे, एकाच वेळी मोबाईलमध्ये डोकं घालून! ही गर्दी नगर स्टेशनवरून रेल्वेने हलवायची, गाडीत दीड हजार माणसं आणि दर पाच मिनिटांनी एक गाडी, रात्रंदिवस. साडेचार महिने लागतील.

आता शेवटचा जिना. हे सगळे आकडे ज्याच्यापुढे पोरखेळ ठरतात, तो खेळ आपल्याकडे कुणी बघतही नाही. अमेरिकी फुटबॉलची लीग, एनएफएल. २०२१ मध्ये तिने २०२३ पासूनच्या अकरा हंगामांचे हक्क विकले सुमारे ११,००० कोटी डॉलरना. डॉलर ८५ रुपयांचा धरा. नऊ लाख पस्तीस हजार कोटी रुपये! महाराष्ट्र सरकारचा २०२५-२६ चा अख्खा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. रस्ते, धरणं, शाळा, पोलीस, पगार, पेन्शन, लाडकी बहीण, सगळं त्यात. आणि तरी अंडाकृती चेंडूचे सामने दाखवायची परवानगी त्याहून महाग.

नोटा मोजायचीच हौस असेल, तर बसा. आयपीएलच्या ९६ कोटी ७८ लाख नोटा, सेकंदाला एक. जेवण नाही, झोप नाही, दिवाळी नाही. बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन बसलात, तर शेवटची नोट खाली ठेवाल तेव्हा वय बावन्न उलटून त्रेपन्नाकडे झुकलेलं. एनएफएलच्या नोटा मात्र १,८७० कोटी. त्यासाठी १४९० मध्ये, अहमद निजामशाह सीनेच्या काठी हे शहर वसवत होता त्या वर्षी, कुणाला तरी मोजायला बसवायला हवं होतं. किल्ला बांधून झाला, चांदबिबी लढली, निजामशाही बुडाली, मोगल आले, पेशवे आले, इंग्रज आले, नेहरूंनी त्याच किल्ल्यात कैद भोगली, इंग्रज गेले, प्रवरेवर कारखान्याचं धुराडं उभं राहिलं, आणि तो गडी अजून मोजतोच आहे. २०८२ पर्यंत सुटका नाही. तीही मधे कुणी हाक मारून त्याचा आकडा चुकवला नाही तर.