लिंबाचं झाड का वाळलं?

मुलांनो, तुमच्या अंगणात, गच्चीवर किंवा शाळेच्या आवारात कागदी लिंबाचं झाड आहे का? असेल तर आज दप्तर ठेवल्यावर आधी त्याच्याकडे जाऊन या. का, ते सांगते.

आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीजवळ असं एक झाड आहे. गेल्या पावसाळ्यात तिसरीतला एक मुलगा धापा टाकत आला. "बाई, पानावर चिमणीची शी पडलीय आणि ती चालतेय!" सगळा वर्ग हसला आणि दुसऱ्या मिनिटाला सगळा वर्ग झाडाखाली!

ती होती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. हे काळ्या-पिवळ्या पंखांचं फुलपाखरू लिंबाच्या कोवळ्या पानावर मोहरीहून बारीक, पिवळसर अंडी एकेक करून घालतं. त्यातून निघालेली अळी काळपट, वर पांढरे पट्टे. हुबेहूब पाखराची शी! मग पक्षी तिला कशाला खाईल? शेवटची कात टाकली की ती हिरवीगार होते. तिला काडीने हळूच डिवचलं, की डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. कढीपत्ता आणि बेल हे लिंबाचे भाऊबंद, म्हणून ती त्यांच्यावरही सापडते.

पण आमच्या झाडाच्या फांद्याही शेंड्याकडून वाळत चालल्या होत्या. मुलांनी निकाल देऊन टाकला, "अळ्यांनीच झाड मारलं! चेंगरून टाकू या." एकजण तर घरून शेतातलं औषध आणायला निघाला. मी त्याला थांबवलं. खरं सांगू? चोर अळ्याच, असं मलाही वाटत होतं.

मग चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, अळी पान खाते, लाकूड थोडंच खाते? मग काडी का वाळली?"

प्रश्न बिनतोड होता. आम्ही फांदीची साल नखाने जराशी खरवडली. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी दिसलं तर मेलेली. खरवडत खरवडत खोडापाशी आलो. जमिनीलगत साल तडकली होती आणि तिथून डिंक ओघळत होता. याला शेतकरी 'डिंक्या' म्हणतात. जमिनीतल्या फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे तो होतो. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यातून पोहत खोडापर्यंत, मुळांपर्यंत जातात. मुळं कुजली की शेंड्याला पाणी पोचत नाही आणि झाड वरून वाळू लागतं.

आता पाणी साचवलं कुणी? आम्हीच! रोज मधल्या सुट्टीत सगळ्यांनी बाटल्या आणि डबे तिथेच, थेट बुंध्याशी रिकामे करायचे. "पाणी वाया घालवू नका, झाडाला घाला," असं सांगणारी कोण? मीच. मुलांसमोर चूक कबूल केली.

मग कामाला लागलो. बुंध्याशी मातीचा उंचवटा केला आणि त्याभोवती लांब गोल आळं काढलं. पाणी फक्त त्या आळ्यात, तेही माती सुकल्यावर. वाळलेल्या फांद्या बोटभर हिरव्या भागासकट कापून जाळल्या. कापलेल्या जागी आणि खरवडून साफ केलेल्या खोडाला बोर्डो पेस्ट लावली. 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र करायचे, सगळं मिळून पाणी 1 लिटर. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघायचा. त्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी घालायचा. हे काम मात्र मोठ्या माणसांनीच करायचं, हातमोजे घालून.

या बोर्डोची गोष्टही गमतीची आहे. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ रस्त्याकडेची द्राक्षं लोक चोरून खात, म्हणून मळेवाले वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की नेमक्या त्याच वेलींवर रोग नाही! 1885 साली त्याने हे मिश्रण जगापुढे मांडलं.

आणि अळ्यांचं काय? मोठ्या झाडाला चार-सहा अळ्यांनी काही होत नाही. लहान रोप असेल तर त्या हाताने वेचाव्यात, विषारी औषध कशाला? आम्ही दोन अळ्या जाळीच्या डब्यात, रोज ताजी लिंबाची पानं देऊन वाढवल्या. त्यांचे कोश झाले आणि एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी पहिलं फुलपाखरू उडालं. त्या दिवशी प्रार्थना जरा लांबली.

झाडाच्या दोन मोठ्या फांद्या गेल्या, त्या काही परत आल्या नाहीत. पण जानेवारीत उरलेल्या फांद्यांना तांबूस, कोवळी पालवी फुटली. परवा त्याच मुलाने हाक मारली, "बाई, या लवकर!" नव्या पानावर एक बारीकसं पिवळं अंडं होतं.

या वेळी चेंगरू या, असं कुणीच म्हणालं नाही.