वेक-ऑन-लॅन

वेक-ऑन-लॅन ही झोपलेल्या किंवा बंद असलेल्या संगणकास स्थानिक संगणकजाळ्यातून विशिष्ट संदेश पाठवून दूरून चालू करण्याची पद्धत होय. संदेश येतो त्या वेळी संगणकाचा मुख्य प्रक्रियक थांबलेला असतो. त्यामुळे तो ऐकण्याचे काम नेटवर्क कार्ड करते. वीजपुरवठा संचातून अखंड मिळणाऱ्या पाच व्होल्टच्या राखीव विजेवर हे कार्ड जागे राहते आणि आपल्या पत्त्याची हाक ऐकू येताच मदरबोर्डला यंत्र चालू करण्याचा इशारा देते. या साखळीतील एकही दुवा निसटला, तर संगणक उठत नाही आणि कोणता दुवा निसटला हेही दूर बसलेल्या माणसाला कळत नाही. या पद्धतीविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे.

पूर्वपीठिका

जुन्या संगणकांचे बटण विजेचे मंडल प्रत्यक्ष तोडत असे. बंद म्हणजे खरोखर बंद. इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स रचनेत राखीव विजेची सोय झाली आणि बटण केवळ विनंती करणारे ठरले. त्याच वर्षी एएमडीने 'मॅजिक पॅकेट' या संदेशाचे तंत्र मांडले. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी वीज-व्यवस्थापनाचे एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले. इंटेल आणि आयबीएम यांच्या संयुक्त उपक्रमाने एप्रिल १९९७ मध्ये वेक-ऑन-लॅन हे नाव रूढ केले. रात्री कर्मचारी घरी गेल्यावर कार्यालयातील शेकडो संगणक एकाच जागेवरून उठवून त्यांवर नव्या आज्ञावल्या बसवाव्यात, हा मूळ हेतू होता. घरबसल्या कार्यालयातील संगणक वापरण्याची कल्पना तेव्हा दूरची होती.

निद्रेच्या अवस्था

एसीपीआय मानकात कामाच्या अवस्थेला एस-० म्हणतात. एस-३ ही नेहमीची झोप. हिच्यात स्मृतीला तेवढी वीज मिळत राहते, म्हणून उघडलेले काम काही सेकंदांत परत दिसते. वीज गेली की ते नष्ट होते. एस-४ म्हणजे शीतनिद्रा. यात स्मृतीतील सर्व मजकूर चकतीवर लिहून ठेवला जातो. शालेय जीवशास्त्रातून आलेला हा शब्द येथे पुरता जुळत नाही. बेडकाच्या शीतनिद्रेत शरीराचे व्यवहार मंद गतीने का होईना चालू असतात; संगणकाची या अवस्थेत वीज पूर्ण तोडली तरी काम सुरक्षित राहते. एस-५ म्हणजे आज्ञा देऊन बंद केलेला, पण विजेच्या जोडणीवर असलेला संगणक. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत एस-३ काढून टाकलेली असते. तिच्या जागी भ्रमणध्वनीप्रमाणे कमी विजेवर तेवत राहणारी एस-० ची उपावस्था असते. बॅटरीवर चालणारे बहुतेक लॅपटॉप जाळ्यावरील हाकेला प्रतिसाद देत नाहीत.

संदेशाचे स्वरूप

मॅजिक पॅकेटमध्ये आरंभी सर्व बिट एक असलेले सहा बाइट असतात. त्यानंतर उठवायच्या कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता सलग सोळा वेळा येतो. एकूण १०२ बाइट. हा मजकूर कोणत्याही वेष्टनातून आला तरी कार्ड तो ओळखते. व्यवहारात तो बहुधा यूडीपीच्या ७ किंवा ९ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवतात. झोपलेला संगणक आपला आयपी पत्ता सांगू शकत नाही. त्यामुळे संदेश जाळ्यातील सर्वांना उद्देशून पाठवावा लागतो. केवळ आयपी पत्त्यावर पाठवलेला संदेश झोपेनंतर काही मिनिटे लागू पडतो आणि पुढे निष्फळ होतो, कारण राउटरच्या तक्त्यातील आयपी आणि मॅक यांची जोडी तोवर पुसली जाते. 'दुपारी चालले, रात्री चालले नाही' अशा तक्रारीचे हे नेहमीचे कारण आहे.

वसई-विरारमधील अनुभव

विरार हे चर्चगेटपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. वसई, नालासोपारा आणि विरार येथील नोकरदारांचा मोठा वर्ग कामासाठी पश्चिम रेल्वेच्या लोकलवर अवलंबून असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे उपनगरी सेवा थांबली. १५ जूनपासून ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. सर्वसामान्य प्रवाशांना १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत प्रवेश मिळाला. या काळात ज्यांचे हिशेब, आराखडे किंवा परवान्याच्या आज्ञावल्या मुंबईतील कार्यालयाच्या संगणकावर होत्या, त्यांना तो दूरून चालवण्यावाचून मार्ग नव्हता. संगणक जागा असेतो काम चाले. ठरलेल्या अवधीनंतर तो झोपी गेला की जोडणी तुटे, आणि मग इमारतीच्या पहारेकऱ्याने वर जाऊन बटण दाबणे हाच उपाय उरे. जेथे वेक-ऑन-लॅनची मांडणी आधी तपासलेली होती, तेथे ही अडवणूक टळत असे; संगणक समोर असताना दहा मिनिटांत होणारी ही तपासणी लोकल बंद झाल्यावर अशक्य होती.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगर परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला. अशा खंडानंतर वीज परत आली, तरी संगणक आपोआप सुरू होईलच असे नाही. अनेक मदरबोर्डांत नेटवर्क कार्डाला 'ऐकत राहा' अशी आज्ञा संचालन प्रणाली बंद होताना देते. वीज अचानक गेल्यास ती आज्ञा दिलीच जात नाही आणि राखीव वीज परतल्यावर कार्ड मुके राहते. बायोसमध्ये 'वीज परतल्यावर संगणक चालू करावा' अशा अर्थाचा पर्याय असतो. दूरून वापरायच्या यंत्रात तो निवडणे वेक-ऑन-लॅनइतकेच आवश्यक आहे.

उलट दिशेची अडचण पावसाळ्यात येते. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले आणि वसई परिसरातील अनेक भागांत वीज गेली होती. असा माणूस मुंबईत अडकतो आणि घरचा संगणक वसईत असतो. घरातील इन्व्हर्टरवर बहुधा दिवे-पंखे असतात. राउटर व फायबरची पेटी त्यावर नसेल, तर संगणकाची मांडणी निर्दोष असूनही हाक घरापर्यंत पोहोचत नाही.

निदान

तपासणीचा आरंभ आज्ञावलीपासून न करता तारेच्या टोकापासून करावा. संगणक बंद केल्यावर नेटवर्क पोर्टजवळचा बारीक दिवा विझत असेल, तर कार्डाला वीजच मिळत नाही आणि पुढील सर्व खटपट व्यर्थ ठरते. याचे कारण बहुधा बायोसमधील 'ईआरपी' किंवा 'डीप स्लीप' हा पर्याय असतो. युरोपीय संघाच्या नियमांनी बंद उपकरणांच्या वीजवापरावर २०१० पासून एक वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. ती पाळण्यासाठी हा पर्याय राखीव वीजही तोडतो. भारतात विकल्या जाणाऱ्या मदरबोर्डांतही तो आढळतो. रात्री भिंतीवरील बटण बंद करण्याची घरोघरची चांगली सवयही येथे आड येते.

दिवा तेवत असेल, तर दोष बहुधा विंडोजमध्ये सापडतो. विंडोज ८ पासून आलेली 'फास्ट स्टार्टअप' ही सोय 'शटडाउन' म्हटल्यावर संगणकास पूर्ण बंद न करता अर्धवट शीतनिद्रेत नेते. या स्थितीत विंडोज नेटवर्क कार्डाला जागृतीसाठी सज्ज ठेवत नाही. त्यामुळे झोपेतून उठणारा संगणक 'बंद' केल्यावर उठत नाही. ही सोय रद्द करावी, अथवा संगणक बंद न करता झोपवावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाला संगणक जागा करण्याची परवानगी दिलेली आहे का, हेही पाहावे लागते. लिनक्समध्ये ईथटूल या आज्ञेने कार्डाची स्थिती कळते. 'जी' हे अक्षर दिसल्यास मॅजिक पॅकेट स्वीकारले जाते, 'डी' दिसल्यास सर्व बंद असते.

मॅक पत्ता चुकीचा असणे ही चूक क्षुल्लक, पण वारंवार घडणारी. वायफायचा पत्ता तारेच्या कार्डाचा म्हणून लिहून घेतला जातो, किंवा दुरुस्तीत मदरबोर्ड बदलल्यावर जुनाच पत्ता वापरात राहतो. वायफायवरून उठवण्याची सोय काही यंत्रांत आहे, परंतु ती बहुधा झोपेपुरतीच असते. तार अधिक भरवशाची. झोपेत अनेक कार्डे आपला वेग दहा किंवा शंभर मेगाबिटपर्यंत उतरवतात. स्विचचे पोर्ट एकाच उच्च वेगाला बांधलेले असेल, तर तेथेही संबंध तुटतो.

महाजालावरून उठवताना आणखी एक अडसर असतो. अनेक सेवादाते एकच सार्वजनिक आयपी पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडूनही बाहेरची हाक आत येत नाही. शिवाय सर्वांना उद्देशून आलेला बाहेरचा संदेश राउटरने आत सोडू नये, असे १९९९ च्या आरएफसी २६४४ पासून ठरलेले आहे. पूर्वी अशा संदेशांचा उपयोग दुसऱ्यांची जाळी बुजवण्यासाठी होत असे. म्हणून राउटर किंवा रास्पबेरी पायसारखे सदैव जागे असणारे लहान यंत्र घरात ठेवावे. व्हीपीएनद्वारे त्याच्याशी जोडून घेऊन हाक त्याच्याकडूनच मारवावी, हा मार्ग सर्वांत निर्धोक आहे. मॅजिक पॅकेटला कूटबद्धता नसते, काही कार्डांत सहा बाइटांच्या परवलीची सोय असते एवढेच. जाळ्यातील कोणीही संगणक उठवू शकतो, मात्र उठवल्याने त्यात प्रवेश मिळत नाही.

अकारण जागृती

याच्या उलट तक्रार मध्यरात्री आपोआप सुरू होणाऱ्या संगणकाची असते. कार्डाला केवळ मॅजिक पॅकेटवर न ठेवता इतर संदेशांवरही जागे होऊ दिलेले असल्यास जाळ्यातील सामान्य विचारपूसही त्याला उठवते. हलणाऱ्या मेजावरील माउस आणि अद्ययावतीकरणासाठी लावलेले गजर ही आणखी दोन कारणे. विंडोजमधील पॉवरसीएफजी ही आज्ञा 'लास्टवेक' या पर्यायासह दिल्यास शेवटच्या जागृतीचे कारण कळते आणि 'वेकटायमर्स' या पर्यायाने लावलेले गजर दिसतात. संगणक झोपतच नसेल, तर 'रिक्वेस्ट्स' हा पर्याय त्याला जागे ठेवणाऱ्या आज्ञावलीचे नाव सांगतो.