कुसळाला लहान म्हणू नका

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण सर्वांनीच ऐकली आहे. म्हण खरी आहे. परंतु ती रचणाऱ्याने कार्तिकात माळावर गवत कापले नसावे, असे आम्हांस वाटते. ज्याच्या डोळ्यात कुसळ गेले, त्याला विचारावे!

कुसळी गवत आपल्याकडे माळरानावर, मुरमाड टेकड्यांवर भरपूर उगवते. कोवळे असते तोवर गुरे ते आवडीने खातात. पाऊस सरताना त्याला तुरे येतात. एकेका बीला दोन-तीन इंचांची तपकिरी शेपटी असते. बीचे टोक सुईसारखे, आणि त्यावर मागे वळलेले बारीक केस. म्हणून ते आत शिरते, पण मागे येत नाही. शेपटीला दोरासारखा पीळ असतो. दव पडले की पीळ सुटतो, ऊन लागले की पुन्हा बसतो. अशा रीतीने बी गिरमिटासारखे मातीत उतरते; वणवा लागला तरी खाली सुखरूप राहते. मुलांना दाखवायचे असेल तर पिकलेले कुसळ ओल्या फडक्यावर ठेवा, ते आपोआप फिरू लागेल.

हेच टोक शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात आणि कातडीत रुतून जखमा करते. म्हणून चाऱ्यासाठी हे गवत तुरे पिकण्याआधी कापावे, नाहीतर कुसळे गळून गेल्यावर.

पण खरा धोका डोळ्याला. रोजंदारीवर गवत कापणाऱ्या माय-बहिणींच्या डोळ्याला कुसळ किंवा गवताचे पाते लागते. डोळा चोळला जातो आणि काम चालू राहते, कारण दवाखान्यात जायचे तर रोज बुडतो. मग कोणी डोळ्यात दूध घालते, कोणी एरंडेल, कोणी मध. गवतामातीबरोबर बुरशी डोळ्यात जाते आणि बुबुळावर जखम चिघळते. डोळा लाल होतो, पाणी गळते, उजेड सोसत नाही, पांढरा ठिपका दिसू लागतो. दुकानातून आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर लाली तात्पुरती कमी होते आणि आत बुरशी अधिकच फोफावते. या बुरशीवर वेगळे औषध असते व ते कित्येक आठवडे घालावे लागते. उशीर झाला तर फूल पडते, कधी डोळाच जातो. एक बुडालेला रोज भरून काढता येतो, गेलेला डोळा नाही.

तेव्हा डोळ्याला कुसळ लागले तर चोळू नये. रुतले असेल तर स्वतः उपटू नये. स्वच्छ कापडाने डोळा हलकेच झाकून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे आणि गवत लागले हे आवर्जून सांगावे. जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग असतो. कापणीच्या वेळी साधा बिननंबरी चष्मा लावला तरी पुष्कळ बचाव होतो. कोणी हसले तर हसू द्यावे.

साडीच्या काठात रुतलेले कुसळ मात्र घरीच काढता येते. शेपटी धरून ओढू नये, टोक आत राहते. टोकाकडून पुढे ओढून काढावे, आणि तेही घराबाहेर, रांगत्या लेकरापासून दूर.