होकार आणि हुकूम

कर्जत किंवा खोपोलीहून पहाटेची लोकल गाठून मुंबईस जाणाऱ्या चाकरमान्यास रेल्वेच्या पासाचे मोल सांगावयास नको. त्या पासावर त्याची नोकरी, मुलांची फी आणि महिनाअखेरचा किराणा अवलंबून असतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, सामान्य प्रवाशांस बंद झालेली ही गाडी १५ ऑगस्टपासून खुली झाली, ती एका अटीवर. लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस लोटलेल्यांसच पास मिळेल, अशी ती अट होती. लस ऐच्छिक आहे, असे केंद्र सरकार सांगत होते. पण पळसदरी, केळवली, डोळवली येथील माणसास गाडी ऐच्छिक नव्हती. पोटाच्या धाकाने दिलेल्या होकारास संमती म्हणावे काय, हा तेव्हा उभा राहिलेला प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

सरकारची बाजू आम्ही हलकी लेखीत नाही. शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, हे रोग्याने ठरवावे. तिचा परिणाम बहुधा त्याच्यापुरता असतो. खच्चून भरलेल्या डब्यात मात्र एकाचा खोकला दहांच्या घरी पोहोचतो. गोवराची साथ रोखावयाची, तर शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव मुलांस लस मिळावी लागते. ज्यांस ती अद्याप देता येत नाही, त्या तान्ह्या मुलांचे रक्षण इतरांच्या दंडावरील सुईनेच होते. म्हणून समाजासाठी व्यक्तीवर बंधन घालण्याचा अधिकार राज्यास असलाच पाहिजे.

परंतु अधिकार वापरणाऱ्याने आधी हिशेब करावा. मे २०२१ मध्ये लशीच्या तुटवड्यामुळे राज्यानेच १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबविले होते. कोविशील्डच्या दोन मात्रांत तेव्हा किमान ८४ दिवसांचे अंतर लागे. त्यांत चौदा मिळविले की ९८ होतात. अत्यावश्यक सेवेत नसलेल्या तरुणास २२ जून रोजी पहिली मात्रा मिळाली असेल, तर त्यास २८ सप्टेंबरपर्यंत थांबणे भाग होते. त्याने नकार दिला नव्हता; होकार देण्याची संधीच त्यास उशिरा मिळाली.

पुढे न्यायालयांनी लक्ष घातले. मुख्य सचिवांनी काढलेले आदेश विहित कार्यपद्धतीस धरून नव्हते, असा ठपका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ठेवला. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात निर्णय दिला, की कोणासही बळजबरीने लस टोचता येणार नाही. सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालता येतील, पण ते प्रमाणशीर असले पाहिजेत. लस न घेतलेल्यांपासून घेतलेल्यांपेक्षा अधिक संसर्ग होतो, हे सरकारांनी दाखविलेले नाही, असेही न्यायालयाने म्हटले. निकाल योग्यच होता. परंतु महाराष्ट्रातील निर्बंध एप्रिलमध्येच उठले होते. न्याय पोहोचला तेव्हा गाडी सुटून गेली होती.

खरा दोष मूळ कायद्यात आहे. प्लेगच्या धास्तीत १८९७ साली केलेल्या साथरोग कायद्यास मुळात अवघी चार कलमे होती. सरकारास अधिकार, अवज्ञेस शिक्षा आणि अधिकाऱ्यास संरक्षण, एवढी तरतूद त्यांत होती. लोकांस काय सांगावे, याविषयी अवाक्षर नव्हते. त्याच वर्षी पुण्यात घरोघर शिरलेल्या सोल्जरांनी किती संताप निर्माण केला आणि त्याचा शेवट रँडच्या वधात कसा झाला, हे वाचकांस ठाऊक आहे. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांस संरक्षण दिले, ते आवश्यकच होते. हा कायदा अपुरा आहे, असे विधी आयोगानेही २०२४ साली सांगितले आहे.

नव्या कायद्यात सरकारच्या अधिकाराआधी सरकारचे कर्तव्य लिहिले जावे. निर्बंधाचे कारण व आधार प्रसिद्ध करावा, त्यास मुदत असावी, लस सर्वांस मिळेपर्यंत तिची सक्ती कोणत्याही आडवाटेने होऊ नये आणि लशीने इजा झालेल्यास भरपाई मिळावी. माहितीही समजेल अशा भाषेत द्यावी. खालापूरच्या कातकरी वाडीतील आईचा अंगठा छापील कागदावर उमटला, म्हणजे तिची संमती मिळाली, असे आम्ही मानीत नाही. कोणीतरी तिच्या ओट्यावर बसून तिच्या शंका ऐकून घेतल्या पाहिजेत. समजावून सांगितल्यास बहुतेक माणसे शहाणपणानेच वागतात, हा आमचा शाळामास्तरकीतला अनुभव आहे. कायदे करणाऱ्यांनीही जनतेवर तेवढा विश्वास टाकावा. पुढच्या साथीत हुकमाची गरज त्यामुळे कमीच पडेल.