सल्ला देण्याआधी थोडं ऐकू या

ताईंनो, बैठकीत एखादी गप्प गप्प बसते, दोन हप्ते थकलेले असतात. आपण विचारतो, "काय गं, काय झालं?" ती तोंड उघडते न उघडते तोच चार सल्ले तयार. सासूशी जुळवून घे, माहेरी सांग, उपवास धर. मीही हेच करायचे. मग समाजकार्य शिकताना कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाविषयी वाचलं.

रॉजर्स रोचेस्टर शहरात मुलांसाठी काम करायचे. एका मुलाच्या आईला ते बरेच दिवस समजावत होते, की तुमच्या वागण्यामुळे मुलगा बिघडतोय. उपयोग होईना. शेवटी दोघांनी थांबायचं ठरवलं. ती दारापर्यंत गेली, वळली आणि विचारलं, इथे मोठ्या माणसांचंही ऐकता का? मग परत बसून तिने आपल्या संसाराचं दुःख सांगितलं. ते कागदावर लिहिलेल्या माहितीपेक्षा फार वेगळं होतं. कुठे दुखतंय हे जिचं तिलाच ठाऊक, हे रॉजर्सना तिथे उमगलं.

१९५७ साली त्यांनी समुपदेशकांसाठी जे लिहिलं, त्यातल्या तीन गोष्टी ओट्यावर बसून मैत्रिणीचं ऐकतानाही कामाला येतात. पहिली, खरेपणा. मनात वैताग आणि तोंडावर हसू, हे समोरचीला लगेच कळतं.

दुसरी, विनाअट स्वीकार. ही सगळ्यात अवघड. दारुड्या नवऱ्याकडे परत जायचं तिने ठरवलं, तरी आपल्या नजरेत तिचा मान कमी होता कामा नये. तिचं पटलंच पाहिजे असं नाही. हप्ता माफ, असंही नाही बरं का!

तिसरी, समानुभूती. म्हणजे कीव नव्हे. "माझंही अस्संच झालं" म्हणत आपली कहाणी सुरू करणंही नव्हे. "तुला घरात एकटं पडल्यासारखं वाटतंय का?" एवढं विचारून थांबायचं. आपला अंदाज चुकला तर ती सांगेल.

रॉजर्सच्या लहानपणी घरच्या तळघरात बटाटे साठवलेले असत. अंधारातही त्यांना फिकट कोंब फुटत आणि लांबच्या छोट्या खिडकीकडे वाढत. माणूसही तसाच वाढू पाहतो, असं ते म्हणत.

ऐकलेलं मात्र पाणवठ्यावर जाऊ देऊ नका. कोणी जीव द्यायची भाषा केली, तर नुसतं ऐकून भागणार नाही. तिला एकटं सोडू नका आणि टेलिमानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर फोन लावा. मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१.