अटॅकनंतरची कळ

अँजिओप्लास्टी होऊन माणूस घरी येतो, पण हात सारखा छातीवर जातो. बोटाने नेमकी जागा दाखवता येते, दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर दुखते, अशी कळ बहुधा स्नायूंची असते. जिना चढताना छाती आवळली आणि थांबल्यावर दुखणे ओसरले, तर तो अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने येणारी कळ) असू शकतो, डॉक्टरांना सांगावेच. अर्थात हे ठोकताळे. खाली बसून, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवूनही ५ मिनिटांत दुखणे थांबले नाही, तर १०८ ला फोन करावा. ‘गॅस असेल’ म्हणत सोडा पीत बसू नये.

भीतीनेही छाती दुखते, धडधडते. घरचे ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतात. त्याने कुणाचे टेन्शन गेल्याचे ऐकिवात नाही. देखरेखीखाली सुरू केलेल्या चालण्याने मात्र धीर येतो. झोपच उडाली असेल, तर तेही तपासणीच्या वेळी बोलावे.